भिंत निळसर, चिरा पिवळट, खिडक्या काळ्या: नव्या घराचा बाहेरचा रंग मनासारखा आला नाही तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. देवरुखजवळ गावच्या जागेत तुमचं एकमजली घर उभं राहिलंय आणि तुम्ही नोकरीला पुण्यात. घराचं तोंड उत्तरेला. बाहेरच्या भिंतींसाठी शेडकार्डावरून हलका राखाडी निवडला होता. पहिला हात झाला आणि भिंत निळसर दिसतेय. जोत्याला आणि पडवीच्या खांबांना चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, कापीव लाद्या लावल्यात, त्या नमुन्यासारख्या गडद तांबड्या नाहीत, पिवळट डागांच्या आहेत. कौलं फारच नारिंगी. ॲल्युमिनियमच्या खिडक्या तपकिरी मागवल्या होत्या, आल्यात त्या जवळजवळ काळ्या. आई म्हणते, घर वाटत नाही, कचेरी वाटते. ठेकेदार म्हणतो, एक पाऊस पडू दे, सगळं जुळून येईल. वास्तुशांत मेच्या मध्यावर आहे. काम थांबवू, सगळं बदलायला लावू, की गप्प बसू, असं तुम्ही विचारलंय.

मी आर्किटेक्ट आहे आणि माझी बहुतेक कामं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आहेत. हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं, कारण बाहेरचा रंग लागतो तो काम संपता संपता, हातात पैसे आणि दिवस दोन्ही कमी उरलेले असताना. त्यामुळे तुमची घालमेल पूर्ण समजते.

तुम्हाला 'सगळंच चुकलं' असं वाटतंय, पण तुमच्या घरात चार वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आहेत आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. बाहेरच्या कुठल्याही वस्तूचा रंग अनपेक्षित निघाला की मी तीनच प्रश्न विचारतो. मागवलं ते आलंय का? मागवलेलंच आलंय, पण इथे वेगळं दिसतंय का? की ते अजून स्थिरावलेलं नाही, पुढे आपोआप बदलणार आहे? पहिल्यात दुरुस्ती पुरवणाऱ्याने करायची, दुसऱ्यात आपण, आणि तिसऱ्यात वाट पाहायची. हे वेगळं न करता ठेकेदाराशी बोलायला गेलात तर भांडण होईल आणि भिंत तशीच राहील.

तुमचे फोटो पाहिले, पण फोटोवरून रंगाचा निवाडा मी देत नाही. मोबाइलचा कॅमेरा पांढरा आणि राखाडी स्वतःच्या अंदाजाने सुधारून घेतो. म्हणून खाली जे लिहितोय त्यातलं काय लागू पडतं, हे तुम्ही किंवा तुमच्या विश्वासातलं कुणीतरी जागेवर उभं राहूनच ठरवा.

आजच्या आज एक गोष्ट करा: रंगाऱ्याला दुसरा हात मारू देऊ नका. परांची उतरवू देऊ नका. मात्र परांचीवर बांधलेली हिरवी जाळी निदान दर्शनी बाजूची पूर्ण काढायला सांगा. फोटोत ती जाळी दिसतेय आणि तुम्ही आत्तापर्यंत भिंत पाहिलीत ती तिच्यातूनच. त्या जाळीतून येणारा उजेड कमी आणि हिरवट असतो. त्यात राखाडी थंड दिसतो, तांबडा मळकट दिसतो आणि तपकिरी काळा दिसतो. तुमच्या चारपैकी तीन तक्रारींत हिचा थोडा थोडा हात असणार. पण तक्रारी तेवढ्याने मिटतील असं मला वाटत नाही, म्हणून पुढे सविस्तर सांगतो.

आधी राखाडी, कारण खरी गोम तिथे आहे. तुमचं घर उत्तरेकडे तोंड करून आहे. एप्रिलमध्ये उत्तरेच्या भिंतीला दुपारचं थेट ऊन मिळत नाही. तिच्यावर पडतो तो मोकळ्या आभाळाचा उजेड, आणि निरभ्र आभाळ निळं असतं. पांढऱ्याजवळचा किंवा राखाडी रंग हा निळेपणा जसाच्या तसा उचलतो. गंमत म्हणजे तुमच्या भागात साधारण ८ मेपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे वास्तुशांतीच्या दिवशी हीच भिंत आजच्यापेक्षा थोडी उबदार दिसेल. दक्षिणेच्या भिंतीचं याच्या उलट असतं. म्हणून एकाच डब्यातला रंग एकाच घराच्या दोन बाजूंना दोन रंगांचा दिसतो, आणि त्यात रंगाऱ्याची काही चूक नसते.

दुसरं कारण शेजारचा चिरा. नारिंगी-तांबड्या वस्तूच्या शेजारी राखाडी ठेवला की डोळा त्या राखाडीत निळेपणा पाहतो, कारण निळा हा नारिंगीचा विरुद्ध रंग. ही काही नवी गोष्ट नाही. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख झाला, तेव्हा त्याच्याकडे तक्रार आली की इथला काळा रंग फिका पडतो. त्याने तपासलं तर रंगात काही खोट नव्हती. काळ्या धाग्याशेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. हे काम त्याने १८३९ साली सविस्तर प्रसिद्ध केलं. तुमच्या पडवीत तेच घडतंय. खात्री करायची तर साधा प्रयोग करा: दोन जुनी पांढरी बेडशीटं घेऊन खांब आणि जोतं पूर्ण झाका, रस्त्यावर जाऊन उभे राहा आणि भिंतीकडे पाहा. निळेपणा बराचसा कमी झालेला दिसला तर दोष भिंतीच्या डब्यात कमी आणि चिऱ्याशी लावलेल्या जोडीत जास्त आहे.

तिसरं कारण त्या राखाडीच्या घडणीतच असू शकतं. दुकानातलं टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये थेंबाथेंबाने रंगद्रव्यं सोडतं. राखाडी करायला काळं तर लागतंच. त्याच्या जोडीला पिवळा किंवा तांबडा ऑक्साइड (लोहाचं मातकट रंगद्रव्य) किती आहे, यावर तो राखाडी उबदार की थंड हे ठरतं. नुसत्या काळ्यावर बेतलेला राखाडी बहुतेकदा निळ्याकडेच झुकतो. शेडकार्डावर बोटभर चौकोनात हे कळत नाही. दोन राखाडी एकमेकांशेजारी ठेवले तरच कळतं. आणि लहान चौकोनात जो रंग शांत वाटतो, तो हजार चौरस फुटांवर उन्हात जास्त फिकट आणि जास्त भडक, दोन्ही एकदम वाटतो. बाहेरच्या भिंतीसाठी मनात आहे त्यापेक्षा एक पायरी गडद आणि एक पायरी मळकट छटा निवडावी, असं मी प्रत्येक घरमालकाला सांगतो. कार्डावर ती उदास वाटते आणि भिंतीवर बरोबर बसते.

आता बादल्या तपासा, आणि त्या भंगारात जाण्याआधी तपासा. मशीनवर रंग करून दिलेल्या बादलीच्या झाकणावर किंवा अंगावर एक चिकटपट्टी असते: उत्पादनाचं नाव, बेस, शेडचा क्रमांक, टिंट केल्याची तारीख. प्रत्येक बादलीच्या पट्टीचा फोटो घ्या आणि तुम्ही कळवलेल्या क्रमांकाशी ताडून पाहा. क्रमांक, बेस आणि कंपनी तिन्ही जुळलं तर ठेकेदाराने त्याचं काम बरोबर केलंय, त्याला दोष देऊ नका. पण पुष्कळदा असं होतं की शेड एका कंपनीच्या कार्डावरून निवडलेली असते आणि रंगारी ती आपल्या नेहमीच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीच्या रंगात 'मॅच' करून आणतो. वाईट हेतूने करतो असं नाही, त्याचं तिथे उधारीचं खातं असतं. पण अशी जुळवलेली छटा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळते आणि उन्हात वेगळी पडते, कारण दोन्हींमधली रंगद्रव्यं वेगळी असतात. आपल्या बायका साडीवरचा ब्लाउजपीस दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन पाहतात, त्यामागे हेच कारण आहे. असं झालं असेल तर तो माल तुम्ही मागवलेला नाही, आणि बदलून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

वेगवेगळ्या तारखांना टिंट झालेल्या बादल्या असतील तर त्यांच्यातही फरक पडतो. त्यावर उपाय सोपा आहे: एका भिंतीला पुरेल एवढा रंग मोठ्या पिंपात एकत्र ढवळून मगच लावायचा. आणि कुठेही ठिगळासारखा टचअप करू नये. दुरुस्ती करायची तर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत एकदम घ्यावी. ब्रशने मारलेला तुकडा रोलरच्या भिंतीत कायम उठून दिसतो, रंग तोच असला तरी.

आणखी एक तपासणी राहिली, गिलाव्याची. फोटोत भिंतीच्या खालच्या भागात पांढरट ढग दिसतायत. तो रंगातला फरक नसावा. गिलाव्यातले क्षार बाहेर येत असावेत. सिमेंटच्या नव्या गिलाव्याला पाणी मारून झाल्यावरही निदान २८ दिवस सुकायला द्यावे लागतात, आणि कोकणातल्या दमट हवेत त्याहून जास्त. ओल्या गिलाव्यावर रंग बसवला की ओलीबरोबर क्षार वर येतात आणि रंग ढगाळ होतो. पाहायचं कसं? दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून थेंब दिसले किंवा भिंत त्या जागी गडद झाली असेल तर भिंत अजून ओली आहे, आणि कुठलीही छटा निवडलीत तरी ती नीट दिसणार नाही.

यातून निष्पन्न काय होईल असं मला वाटतं? क्रमांक जुळेल, चूक कुणाचीच निघणार नाही, आणि तरीही ती छटा तुमच्या घराला शोभणारी नसेल. मग ती बदला. इमल्शन, म्हणजे भिंतीला लावलेला हा पाण्यात कालवायचा रंग, हा तुमच्या घराच्या दर्शनी भागातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सहज बदलता येणारा थर आहे. बाहेरच्या चांगल्या इमल्शनचा एक लिटर साधारण ५० ते ६० चौरस फुटांना दोन हात पुरतो. परांची उभी आहे तोवर बदलाचा खर्च म्हणजे रंग आणि रंगाऱ्याची मजुरी एवढाच. परांची उतरल्यावर तोच बदल कितीतरी महाग पडतो. म्हणूनच वर म्हटलं, जाळी काढा, परांची ठेवा.

छटा कुठली? चिऱ्याच्या आणि कौलांच्या घराला मी स्वतः थंड राखाडी सुचवत नाही. राखाडीच हवा असेल तर पिवळ्या ऑक्साइडकडे झुकणारा, वाळलेल्या शेणाने सारवलेल्या अंगणाच्या जवळ जाणारा घ्या. नाहीतर जुन्या चुन्यासारखा मोडका पांढरा घ्या. पण शुभ्र पांढरा टाळा, कारण तुमच्याकडची लाल माती पावसात उडून भिंतीचे खालचे दोन फूट गुलाबी करून ठेवते. खूप तजेलदार पिवळे, गुलाबी, जांभळे बाहेर लावू नयेत. त्यांतली बरीच सेंद्रिय रंगद्रव्यं उन्हात आणि नव्या गिलाव्याच्या क्षारांत टिकत नाहीत. ऑक्साइडवर बेतलेले मातकट रंग मात्र वर्षानुवर्षं जसेच्या तसे राहतात.

तीन छटा निवडा, प्रत्येकीचा एक एक लिटरचा लहान डबा करून घ्या. प्रायमर मारलेल्या भिंतीवर किंवा सिमेंट बोर्डाच्या तुकड्यावर चार फूट बाय चार फुटांचा पट्टा, दोन हात. निळसर भिंतीवर थेट लहान चौकोन काढू नका. भोवतीचा निळा त्या नमुन्यालाही फसवतो. एक पट्टा चिऱ्याला लागून उत्तरेला, दुसरा दक्षिणेला किंवा पश्चिमेला. इमल्शन ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, म्हणून त्या दिवशी काहीच ठरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, भर दुपारी आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पाहा, आणि पाहायचं ते रस्त्यावरून, फाटकाच्या बाहेर उभं राहून. तुम्हाला पुण्याहून येणं जमणार नसेल तर एक दिवस आईलाच फाटकापाशी खुर्ची टाकून बसवा. दिवसभरात त्यांना जे दिसेल ते माझ्या किंवा तुमच्या फोटोवरच्या मतापेक्षा खरं असेल.

आता चिरा. इथे ठेकेदाराचं म्हणणं निम्मं खरं आहे. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी बनलेला, आरपार छिद्रांचा दगड. एकाच चिरेखाणीत वरचा थर टणक, तपकिरी-तांबडा असतो आणि खाली जावं तसा मऊ, त्यात पिवळ्या-पांढऱ्या चिकणमातीचे खिसे वाढत जातात. ताजा कापलेला चिरा नेहमीच फिका आणि भगभगीत दिसतो. हवेत वाळून तो टणक होतो आणि काळपट पडत जातो. कोकणातले जुने गडगे (दगडी कुंपणं) आणि घरं पाहून आपल्या डोक्यात चिऱ्याचा जो रंग बसलेला असतो, तो कित्येक पावसाळे खाल्लेल्या दगडाचा असतो. तुम्हाला दाखवलेला नमुनाही बहुधा जुना, किंवा वर पॉलिश मारलेला असावा. लादीवर तांब्याभर पाणी ओतून पाहा. ओली लादी नमुन्याशी जुळली तर दगड बरोबर आहे, फरक फक्त वरच्या थराचा आहे.

पण पिवळे डाग मात्र नखाने खरवडून पाहा. भुकटी निघाली तर ती माती आहे. दोन-तीन पावसांत ती धुऊन जाईल आणि तिथे खड्डे पडतील. अशा लाद्या काढून बदलून घ्याच, आणि ठेकेदाराला सांगताना रंगाचं कारण सांगू नका, दगड कच्चा आहे हे सांगा. ते खरंही आहे आणि त्याला नाकारता येणार नाही. डाग कठीण असतील तर राहू द्या. ज्या लाद्या अजून लावायच्या आहेत त्या आधी अंगणात पसरून घ्या, फिक्या आणि गडद एकमेकांत मिसळा, खांबावर एका बाजूला सगळ्या पिवळ्या असं होऊ देऊ नका. गवंड्यावर सोडलं तर तो गठ्ठ्यातून येईल तशी लावत जातो, आणि ते साहजिक आहे.

सांध्यांकडेही लक्ष द्या. तुमच्या सांध्यांत नुसतं करडं सिमेंट भरलंय, त्यामुळे दगड आणखी फिका दिसतो. सांध्यांच्या मसाल्यात थोडा रेड ऑक्साइड मिसळला की त्याच लाद्या लगेच गडद वाटतात. ॲसिडने चिरा धुऊ देऊ नका. सिमेंटचे डाग जातात, पण लोहाचे पिवळे ओघळ उरतात आणि ते निघता निघत नाहीत. आणि चमकदार वॉर्निश तर नकोच. पहिल्या दिवशी ओल्या चिऱ्यासारखं सुंदर दिसतं, मग आतली ओल अडकते, पांढरं पडतं आणि पापुद्रे सुटतात. लावायचंच असेल तर दगडाला श्वास घेऊ देणारं, पाणी झटकणारं सिलोक्सेनचं द्रावण लावा, आधी एका लादीवर करून पाहून, आणि दगड खडखडीत वाळल्यावर. त्याने रंग फारसा गडद होत नाही, पण शेवाळाचा काळेपणा कमी धरतो.

कौलांबद्दल मी तुम्हाला निश्चिंत राहायला सांगेन. मंगलोरी कौलाचा रंग मातीतल्या लोहाचा आणि भट्टीतल्या आचेचा असतो. बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती मिशनने १८६५ साली मंगलोरला पहिला कारखाना काढला तेव्हापासून यात फरक पडलेला नाही. नवं कौल नारिंगीच दिसतं आणि तुमच्याकडच्या पावसात ते काही वर्षांतच निवतं. फक्त फिकट कौलांपैकी दोन-चार हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत वाजलं तर ठीक; बद्द आवाज आला तर कौल कमी भाजलेलं किंवा तडकलेलं आहे आणि ते पाणी पिणार. कौलांना रंग अजिबात मारू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. एकदा मारलात की दर काही वर्षांनी खरवडून पुन्हा मारत बसावं लागतं.

खिडक्यांचं मात्र पावसाने काही होणार नाही. ॲल्युमिनियमवरचा रंगाचा थर, म्हणजे पावडर कोटिंग, भट्टीत सुमारे २०० अंश सेल्सिअसला भाजून बसवलेलं असतं. ते स्थिरावत नाही, आहे तसंच राहतं. ऑर्डरच्या कागदावर रंगाचा क्रमांक आहे का ते पाहा. फक्त 'ब्राउन' लिहिलं असेल तर तुमची बाजू लंगडी आहे, कारण गडद तपकिरीच्या चार तरी छटा बाजारात आहेत आणि मॅट गडद तपकिरी, मागे अंधारी खोली असताना, काळाच दिसतो. एक झडप काढून उन्हात आडवी ठेवा. उन्हात तपकिरी दिसली तर मागवलं तेच आलंय. क्रमांक लिहिलेला असेल आणि तो जुळत नसेल तर चौकटींच्या कडेचं सिलिकॉन भरण्याआधी परत पाठवा. जागेवर स्प्रे मारून देतो, असं विक्रेता म्हणेल. ते स्वीकारू नका. भट्टीतल्या कोटिंगचा टिकाऊपणा त्याला येत नाही.

आणि छटा बदलता येणार नसेल तर काळपट खिडक्या वाईट नाहीत. त्या एकट्या पडल्यात म्हणून खुपतात. पडवीचा कठडा, पागोळ्यांची पन्हळ आणि फाटक याच गडद तपकिरीत करा. एकच रंग दर्शनी भागात तीन ठिकाणी आला की तो मुद्दाम निवडलेला वाटतो. खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांवरची प्लास्टिकची फिल्म मात्र लगेच सोलून काढा; उन्हात भाजली की ती चिकटून बसते आणि मग खिडक्या खरोखरच खराब दिसतात.

या सगळ्यामागे माझा एक क्रम आहे, तो उघडच सांगतो. दगड, कौलं आणि खिडक्या आधी जागेवर येऊ द्याव्यात, त्यांचा जो काही रंग निघेल तो मान्य करावा, आणि भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी त्यांच्याकडे पाहून निवडावा. दगड आणि माती आपण म्हणू तसा रंग बदलत नाहीत, भिंत बदलते. तुमच्याकडे उलट झालं: राखाडी पुण्यात बसून आधी ठरला आणि बाकीच्यांनी त्याच्याशी जुळावं अशी अपेक्षा राहिली. अजूनही वेळ गेलेली नाही.

या आठवड्याचं काम एका दमात सांगायचं तर: जाळी काढणं, बादल्यांच्या पट्ट्यांचे आणि खिडक्यांच्या कागदांचे फोटो, प्लास्टिक लावून ओलीची तपासणी, चिऱ्यावर पाणी आणि नख, मग तीन छटांचे पट्टे. हे होईपर्यंत ठेकेदाराशी हुज्जत नको.

वास्तुशांतीचं काय? भिंत ओली निघाली तर माझा सल्ला स्पष्ट आहे. दर्शनी भागाला नव्या छटेचा एक हात द्या, बाकी तीन बाजूंना आहे तो राखाडीचा हात राहू द्या. नुसत्या प्रायमरवर पावसाळा काढू नये, पण प्रायमरवर इमल्शनचा एक हात असेल तर भिंत निभावून नेते. देवरुखसारख्या पावसात नव्या घराच्या भेगा, ओल धरणारे कोपरे, खिडकीखालचे ओघळ हे सगळं पहिल्याच पावसाळ्यात कळतं. दिवाळीनंतर भेगा भरून, क्षार कोरड्या ब्रशने झाडून, चारी बाजूंना शेवटचे दोन हात द्या. परांची पुन्हा बांधावी लागेल, तो खर्च आहे. पण ओल्या भिंतीवर आत्ता पूर्ण रंग करून पुढच्या वर्षी तोच उतरवण्यापेक्षा तो कमी आहे. भिंत कोरडी निघाली तर थांबायचं कारण नाही. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, त्याआधी सगळं आरामात उरकेल.

पैशांबद्दल. चूक ज्याची निघेल त्याने खर्च सोसावा, हे लेखी ठरवा, दोन ओळींचा का असेना पण कागद करा. बादलीचा क्रमांक चुकला तर रंग आणि मजुरी ठेकेदाराची. छटा तुम्हाला आवडली नाही एवढंच असेल तर दोन्ही तुमचं. शेवटचं बिल या तपासण्या होईपर्यंत थांबवून ठेवणं रास्त आहे, पण झालेल्या कामाचे पैसे अडकवू नका. अगदीच विकोपाला गेलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा धरली आहे, दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते आणि तिची मुदत दोन वर्षं असते. रंगाच्या वादात तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. फोटो आणि क्रमांक समोर ठेवले की बहुतेक ठेकेदार निम्म्या खर्चाला स्वतःहून तयार होतात, कारण गावात त्यालाही पुढची कामं मिळवायची असतात.

आईंचं म्हणणं मात्र हलक्यात घेऊ नका. त्या ज्याला कचेरी म्हणतायत ते म्हणजे थंड राखाडी भिंत, काळ्या चौकटी आणि मध्ये काहीच नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. भिंत उबदार झाली की त्यातलं बरंचसं जाईल. उरलेलं पडवीच्या छताखालच्या लाकडाने जाईल. तिथले वासे रंगवायचे राहिलेत असं फोटोत दिसतंय, त्यांना रंग न देता तेलपाणी करून लाकूड लाकडासारखं राहू द्या.

आणि कुंपणाची भिंत यंदा रंगवूच नका. ती दोन्ही बाजूंनी पाणी पिते आणि तिचा गिलावा सगळ्यात उशिरा वाळतो. घराची छटा दिवाळीनंतर पक्की झाली की तिच्याहून दोन पायऱ्या गडद रंग तिला द्या, म्हणजे लाल मातीचे शिंतोडेही फारसे दिसणार नाहीत. पट्ट्यांवर वाळलेल्या तीन छटांचे क्रमांक इथे कळवा, मी कार्डावर काढून पाहतो आणि कुठली घ्यावी ते सांगतो.